सूर्यपाव

काळ्या पेन्सिली मी आधीच काढून घेतल्या,
चौदा डब्यांतल्या चौदा,
रबर बांधून माझ्या खणात.
हवा तेवढा काळा खिडकीबाहेर आहे, म्हटलं,
नोव्हेंबर संपत आल्यापासून फुकट.

ट्रॉम्सो. पाचवी इयत्ता. सकाळचे दहा.
प्रत्येकापुढे कागदी बशीत
एकेक गोल पाव, तळलेला, पोटात जॅम,
वर साखर.
आज सूर्य परत यायचा आहे
डोंगरांच्या खाचेत, बाराच्या सुमाराला,
चार-पाच मिनिटं, ढगांची मर्जी असेल तर.
तो दिसला की पाव खायचा, ही गावाची रीत.
तोवर पाव काढायचा, ही माझी.

"उजेड कुठून येतोय?"
माझा नेहमीचा पहिला प्रश्न.
"वरून," इल्वा म्हणते, वर न बघताच.
"चार ठिकाणांहून," आस्लाक म्हणतो,
आणि खरंच, त्याच्या पावाला चार सावल्या,
फिकट, एकमेकींच्या पायांवर पाय देऊन.
मी फळ्यावर एकच काढून बसले होते.
चारही काढ, म्हणते.

हात हलका ठेवा.
कागदाला खरखर असते, तिच्या शेंड्यांना नुसतं शिवायचं.
आधी पिवळा, सगळीकडे, ताकाच्या निवळीसारखा.
त्यावर गेरू. मग तपकिरी, पोटाखाली.
पावाच्या कमरेला तो फिका पट्टा आहे ना,
तळताना तेलाबाहेर राहिलेला,
तो विसरू नका, त्याच्यामुळेच तो पाव आहे,
नाहीतर बटाटा.
आणि साखर काढायची नसते, ब्रागे,
साखर सोडायची असते.
कोरा कागद राखून ठेव, ती आपोआप पडते.

"सावलीला काय?"
जांभळा.
"जांभळा?"
हो. पिवळ्याच्या वाट्याला तोच येतो.

ब्रागेला पटत नाही. तो पेन्सिल चावतो.
"बाहेर तर कशाचीच सावली पडत नाही.
म्हणजे आपणच सावलीत आहोत ना?"
हो. पृथ्वीच्या.
"मग तीही जांभळी?"
आता काय सांगणार, मी खिडकीशी जाते.
साडेदहा. पार्किंगमधला बर्फ,
गाड्यांच्या टपांवरचा, कचरापेटीवरचा,
सगळा जांभळट निळा.
अठरा वर्षं शिकवतेय मी हा धडा.
"बघ की," एवढंच म्हणते.

अकराला एस्किलची बशी रिकामी.
ओठाला साखर, चेहरा चोरासारखा नाही,
पोट भरलेल्या माणसासारखा.
"गुद्रुन, आता काय काढू?"
जे समोर आहे ते.
समोर बशीवर तेलाचा एक गोल डाग.
त्याला पिवळा लावून बघतो, नाही जमत.
राखाडी, नाही.
पांढरा घासतो, खोडतो, पुन्हा घासतो,
सबंध वर्गात सगळ्यात जास्त वेळ तोच बघत बसलाय,
आणि तेलकट बोटांनी कागदाची तर वाट लागलेली.

पावणेबारा. खुर्च्या सरकल्याचा आवाज,
तेरा नाकं काचेला.
ढग. अर्थात ढग.
खालच्या कडेला फक्त एक फिका पट्टा,
न तळलेला.
"दिसला!" इल्वा ओरडते. "तो दिसलाच आहे,
फक्त मागे आहे!"
आणि तेरा पाव एकदम तोंडात,
जॅम बाह्यांवर, कुणाच्या चित्रावर,
मी अडवत नाही, माझ्याही तोंडात पाव आहे.

एस्किल जागेवरून शेवटी उठतो,
आपला कागद काचेवर धरतो.
रंग एकही धड बसलेला नाही.
पण जिथे जिथे त्याची बोटं लागली होती
तिथून पलीकडचं येतंय,
अंधुक, पण येतंय:
डोंगराची खाच, तो पट्टा.
"हा बघ," तो म्हणतो, "असा होता डाग."

चित्रं गोळा केली. चौदा.
तेरांच्या मागे शेरे लिहून झाले.
त्याचा कागद अजून माझ्या टेबलावरच्या दिव्याला टेकून आहे,
आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू
त्याचं तेल माझ्या वहीत उतरतंय.